घोरकाटा

अधिवेशन चालू असलं की सकाळी आम्हा खासदार-सहायकांच्या दालनात बारावीच्या निकालासारखी गर्दी व्हायची. समोरच्या पडद्यावर देशातले सगळे मतदारसंघ क्रमाने झळकायचे. ज्यांचा घोर मोठा ते वर, ज्यांचा लहान ते खाली. वरच्या वीस खासदारांना त्या दिवशी शून्य प्रहरात बोलायला मिळायचं, बाकीच्यांनी बाकं बडवायची. मी नेहमी खालून वाचायला घ्यायचे, म्हणजे आमचा 'किनारा-दक्षिण' लगेच सापडायचा.

"आज खय आसंव आपण?" भाईंनी फोनवर विचारलं.

"तळाला."

"म्हणजे आमची माणसा सुखी आसत," भाई म्हणाले आणि मोठ्याने हसले. भाई फोनवर एवढ्या मोठ्याने हसले की समजावं, त्यांचं डोकं फिरलंय.

भाई पेंडुरकर आमचे खासदार, आणि मी त्यांची सहायक, हर्षाली मेथर. आम्ही दोघंही समुद्रकाठचे, त्यामुळे दिल्लीत भाईंना मालवणी बोलायला हक्काचं माणूस म्हणजे मीच; माझी स्वतःची मालवणी मात्र शहरात राहून सुटली होती. भाई जुन्या काळचे. तेव्हा सकाळी दहाच्या आत सूचना द्यायची आणि चिठ्ठी निघायची. नाव निघालं की तीन मिनिटांत काय ते बोलून घ्यायचं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो हाच: "गावाचा दुखणा सांगूचा, पण देशाच्या तोंडान. नुसती आपली विहीर सांगलंस तर म्हणतत, हो राज्याचो विषय. नुसतो देश सांगलंस तर गाववाले विचारतत, आमचा काय केलंस?"

मग चिठ्ठी गेली आणि काटा आला.

माणूस काळजीत असला की गळ्यातले बारीक स्नायू आवळतात. स्वरतंतूंवरचा ताण बदलतो आणि आवाजात एक थरथर येते, कानाला सहसा न कळणारी. श्वास आखूड होतो, दोन शब्दांमधली फट कमीजास्त होते. यात नवीन काही नाही. होस्टेलवरच्या मुलाच्या नुसत्या 'हॅलो'वरून आईला त्याचा ताप कळतो, तो असाच. नवीन इतकंच झालं, की फोनमधल्या चिपला ही थरथर मोजता यायला लागली. फोन शब्द ऐकत नसे आणि नावही पुढे धाडत नसे, म्हणून कोर्टानेही त्याला मान्यता दिली. तो फक्त एक आकडा पाठवायचा आणि तो बोलणाऱ्याच्या मतदारसंघाच्या खात्यात जमा व्हायचा. मतदार मग जगात कुठेही असो. प्रत्येकाचा आवाज त्याच्याच वर्षभराच्या आवाजाशी ताडला जायचा, त्यामुळे कुणी मुद्दाम गळा काढला तर उपयोग नसे. सोंगाने आवाज चढतो, थरथर चढत नाही.

सरकारी नाव होतं 'जनसंवेदना निर्देशांक'. आम्ही त्याला घोरकाटा म्हणायचो. चिठ्ठी आंधळी असते, काटा डोळस असतो, असं तेव्हा सगळेच म्हणत होते आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. पुढे मंत्रालयांनीही आपली कामं काट्यावर टाकली. दुरुस्ती कुठे आधी, डॉक्टर कुठे आधी, सगळं काटा ठरवू लागला. ज्याला घोर नाही त्याला घाई नाही.

आमच्या खेमबंदरचं तिथेच अडलं. खेमबंदर माझं गाव. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये दगडी बंधारा आहे. शेजारच्या खाडीत नवी जेटी झाली आणि किनाऱ्याने वाहत येणारी वाळू तिच्यापाशी अडली. बंधाऱ्याच्या पायाखालची वाळू समुद्र नेत होता, नवी येत नव्हती. भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक दर महिन्याला तिथे काठी रोवून मोजमाप घेत. त्यांनी भाईंना कळवलं, की नारळी पुनवेच्या उधाणाला हा बंधारा टिकणार नाही. भाईंनी लगेच तारांकित प्रश्न लावला. मंत्र्यांचं उत्तर आलं: 'क्षेत्राचा निर्देशांक पाहता स्थानिक जनतेत याविषयी चिंता आढळून येत नाही.'

मी आईला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "काय नाय गो, सगळा बरा आसा." मला प्राध्यापकांपेक्षा आई खरी वाटली.

भाईंना मात्र वाटली नाही. "तू सवता जावन बघून ये," ते म्हणाले. "तुझ्या आवशीक मी ओळखतंय. घराक आग लागली तरी ती म्हणात, जरा उजेड पडलोहा."

*

घरात पाऊल टाकलं तर आईची खाट चिऱ्यांवर चढवलेली. तांदळाचा डबा माळ्यावर. स्वयंपाकघरात गेले आणि पाय ओला झाला. चुलीजवळच्या दोन लाद्यांच्या मधून पाणी वर येत होतं, झऱ्यासारखं, अगदी शांतपणे. मी बोट बुडवून चाखलं. खारट.

समुद्र बंधाऱ्यावरून येईल म्हणून आम्ही सगळे वर बघत होतो. तो खालून आला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शिमग्यापासून," माझी वहिनी रोशनी म्हणाली.

शिमग्यापासून मी दर रविवारी फोन करत होते. दर रविवारी आईने मला कैऱ्या, फणस, शेजारणीचं लग्न सगळं सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि पाठोपाठ संतापही आला.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"फोनार सांगूचा असता काय ह्या?" आई म्हणाली. "तू थय लांब. उगाच घोर लावन घेतलं असतंस."

हे मला कळायला हवं होतं, मी त्याच गावची. खेमबंदरच्या घराघरातला एक तरी पुरुष जहाजावर असतो. आजोबांच्या काळी शिडाची गलबतं होती, आता टँकर आणि कंटेनरची जहाजं. आणि गावाचा एकच नियम: दर्यावरच्या माणसाला घरचं वाईट सांगायचं नाही. घोर घेऊन डेकवर उभा राहिलेला माणूस पाय चुकतो. कुणाचा पाय कधी चुकला होता ते आता कुणालाच आठवत नाही, पण नियम पक्का. नवी सून पहिल्यांदा नवऱ्याच्या जहाजावर फोन लावते तेव्हा सासू शेजारी बसते आणि मध्येच तिच्या दंडाला करकचून चिमटा काढते. सुनेचा आवाज हलता कामा नये. हलला तर चार दिवस सगळी आळी तिची टिंगल करते. रोशनीवहिनी पहिल्याच चिमट्याला पास झाली होती आणि आई ते अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगते.

पिढ्यान्पिढ्या या बायकांनी आवाजातली थरथर मारली होती. आणि काटा नेमकी तीच शोधत होता.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये मी बायका जमवल्या आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. फोन लावा, कुणाशीही बोला, पण जी भीती वाटते ती बोला. त्यांनी मन लावून ऐकलं. मग एकेकीने फोन कानाला लावला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आत्तापर्यंत तावातावाने बोलणाऱ्या बायका फोन लागताच साखरेसारख्या गोड झाल्या.

"हां, बरी आसंय. पाणी? हां, इला हा थोडा. तुझा कसा?"

इंदूकाकी म्हणजे गावात कुठेही मयत झालं तर पहिला हंबरडा तिचा. मी तिला म्हटलं, काकी, तू तरी रड. तिने फोन घेतला आणि असा काही टाहो फोडला की शेडवरचे कावळे उडाले. माझ्या फोनवर मतदारसंघाचा आकडा दिसत होता. तो ढिम्म हलला नाही.

"रडलंय ता खोटा होता काय?" इंदूकाकी दुखावली.

"खोटं नाही गं काकी. पण काट्याला पुरलं नाही."

"मगे तुझ्या काट्याकच न्हेवन ठेव माझ्या घरात," ती म्हणाली. "एक भरती बघूदे तेका."

बायका हसल्या. मीही हसले. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती.

निघताना आईने मला दारात थांबवलं. "प्रतीकाक ह्यातला काय सांगूचा नाय." प्रतीक माझा धाकटा भाऊ, रोशनीचा नवरा, टँकरवर डेकला कामाला. "तेच्या कानार गेला, तर माझा मेलेला तोंड बघशीत."

*

दिल्लीत कँटीनमध्ये सूद नावाचा एक माणूस माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्याला सगळे सहायक ओळखत होते आणि कुणीच ओळख दाखवत नसे. तो मतदारसंघांचे आकडे वर नेऊन द्यायचा. एखाद्या जिल्ह्यात धरण फुटल्याची आवई, कुठे मुलं पळवणारी टोळी. संध्याकाळी आवई, सकाळी वरच्या विसांत नाव. दुपारपर्यंत खुलासा, कुणाचं काही बिघडलं नाही, असं तो म्हणे. मागच्या अधिवेशनात धरणाच्या आवईने एका गावात चेंगराचेंगरी झाली होती, ते तो सांगत नसे.

"मॅडम, तुमचा मुद्दा तर खरा आहे," तो म्हणाला. "खऱ्या मुद्द्यासाठी थोडं खोटं चालतं. तुमच्या गावाला कशाने धक्का बसेल ते फक्त सांगा."

मला विचार करावा लागला नाही, याचंच मला भय वाटलं. 'टँकरशी संपर्क तुटला' एवढी एक ओळ पुरली असती. चिमट्याला न हललेले सगळे आवाज एका ओळीत हलले असते.

मी उठून भाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"ज्यांनी माका मता दिली तेंकाच मी भेडावू?" ते म्हणाले. "खोट्यार मिळालेली तीन मिनिटा माका नको. गाव बुडला तरी नको, असा म्हणण्याचो धीर माझ्यात नाय, म्हणून तू माका परत विचारू नको."

"आणि खऱ्यावर मिळाली तर?"

"खरा कोणाक सांगतलंस? गावात सगळ्यांका म्हायत आसा."

"सगळ्यांना नाही," मी म्हटलं.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांचा स्वतःचा पुतण्या जहाजावर होता. ते हो म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत.

बायकांना लपवायची सवय होती. पुरुषांना फक्त 'बरा आसा' ऐकायची सवय होती. त्यांच्या आवाजाला कधी कुणी चिमटा काढलेला नव्हता.

मी फोन हातात घेतला. खोटं सांगितलं तर गाव मला माफ करणार नाही. खरं सांगितलं तर आई करणार नाही. आणि काहीच न सांगता बसले, तर पुनवेला त्या स्वयंपाकघरात आई आणि वहिनी असतील. शपथेचं मला फारसं काही वाटत नव्हतं. पण तो नियम अगदीच खोटा असेल का? टँकरचा डेक ओला असतो, दोर ताणलेले असतात. तिथे माझ्या भावाचा पाय चुकला तर?

मी फोन लावला.

"ताई! आज रविवार नाय मगे?" प्रतीकचा आवाज उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा मोकळा. सिंगापूर मागे टाकून ते पश्चिमेला निघाले होते.

"प्रतीक, आधी खाली बस."

"बसलंय. काय झाला?"

"घरात पाणी येतंय. स्वयंपाकघरातून. शिमग्यापासून. बंधारा पुनवेला जाईल, असं म्हणतात."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"रोशनी कालच म्हणाली, सगळा बरा आसा," तो म्हणाला. पुढचे शब्द मी कधी विसरणार नाही, कारण त्यांतली थरथर मोजायला कुठलीही चिप लागली नसती. "ताई, ती माझ्याशी खोटा बोलली?"

"सगळ्याच बोलल्या. तुझ्यासाठी."

"माझी ड्युटी आसा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी त्याला त्या लाद्यांचा व्हिडिओ पाठवला. त्याने तो गावच्या खलाशांच्या ग्रुपवर टाकला.

*

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आमचं नाव तळाला नव्हतं. दुपारी ते मधल्या रांगांत आलं. इतर सहायक माझ्याकडे संशयाने बघायला लागले. एकाने डोळा मारून विचारलं, सूदने किती घेतले. पश्चिमेच्या, पूर्वेच्या, कुठल्या कुठल्या समुद्रांवरून खेमबंदरची माणसं घरी फोन लावत होती, भांडत होती, खरं सांग म्हणत होती. आसपासच्या बंदरांतल्या खलाशांनी आपापल्या घरांनाही तेच विचारायला सुरुवात केली. तिथेही लाद्यांतून पाणी येत होतं.

आकडा चढत होता आणि मला नीट कळत होतं की त्यातला एक तुकडा माझा भाऊ आहे. प्रतीकचा फोन लागत नव्हता. जहाजाच्या एजंटाकडे चौकशी केली तर तिथली मुलगी म्हणाली, माहिती देता येत नाही. बाहेर कुठेही फोन वाजला तरी मी उठून दाराशी जायचे. भाई येता-जाता विचारायचे, "काय कळला?" मी नाही म्हणायचे.

एकदाचा आईचा फोन आला. ती एकच वाक्य बोलली.

"सांगलंस शेवटी." आणि ठेवून दिला.

आवाज नेहमीसारखाच होता, स्वच्छ आणि सपाट. काट्याला त्यात काहीही सापडलं नसतं. मी मात्र टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

अधिवेशन संपायला थोडे दिवस राहिले असताना किनारा-दक्षिण वरच्या विसांत आला. भाई शून्य प्रहरात उभे राहिले. मी दालनातल्या पडद्यावर बघत होते. मी त्यांना जेटी, वाळू, दगडांच्या जाळ्या असं सगळं मुद्देसूद लिहून दिलं होतं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

"अध्यक्षमहोदय," ते प्रमाण मराठीत, सावकाश बोलू लागले, "माझ्या मतदारसंघातल्या माणसांना चिंता नाही, असं उत्तर मला याच सभागृहात मिळालं. चिंता आहे. ती फोनवर बोलायची आमच्याकडे रीत नाही. खेमबंदरचा बंधारा नारळी पौर्णिमेला पडणार आहे. गाव आजच्या आज वर हलवा, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी देशासाठी. जी माणसं सोसताना आवाज करत नाहीत, त्यांना आपला काटा सुखी म्हणतो. अशी माणसं फक्त माझ्या किनाऱ्यावर नाहीत. ती खाणींत आहेत, डोंगरात आहेत, घराघरांत आहेत. इथल्या प्रत्येक सदस्याने आपापल्या यादीत सगळ्यात खाली कोण आहे ते बघावं आणि आधी तिथे..."

तीन मिनिटं संपली. माईक बंद झाला. भाईंचे ओठ हलत राहिले, पण काही ऐकू आलं नाही. बाकं मात्र दोन्हीकडून वाजली. मंत्री उठले आणि पहिल्या मागणीवर तातडीने पथक पाठवण्याचं आश्वासन त्यांनी दिलं. दुसरीबद्दल ते म्हणाले, सूचनेची नोंद घेतली आहे.

पथक खरंच गेलं. गावाला टेकडीवरच्या हायस्कुलात हलवलं. पुनवेच्या दुपारी भरती आली आणि बंधारा मधोमध बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही म्हणे. समोरच्या रांगेतली सगळी घरं गेली, आमचंही. माणूस एकही गेलं नाही. पेपरांत अग्रलेख आले, की घोरकाट्यामुळे गाव वाचलं.

*

प्रतीकच्या जिवाला काही झालं नव्हतं. त्याचा पाय चुकला नव्हता. त्याला पुढच्याच बंदरात उतरवून घरी पाठवलं होतं. आणि तो एकटा नव्हता. गावातले बहुतेक सगळेच खलाशी आठवड्याभरात परत आले.

त्यामागचं कारण मला जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एका एजंटाने सांगितलं, अगदी मोकळेपणाने, कारण त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. निर्देशांक सार्वजनिक होता, कुणालाही बघता यायचा. जहाज कंपन्या तो पहिल्यापासून बघत होत्या. घोर लागलेला माणूस डेकवर अपघात करतो, विमा महागतो. म्हणून सर्वांत शांत मतदारसंघातली माणसं आधी घ्यायची, आणि आकडा चढला की तिथली माणसं उतरवायची.

"तुमचा किनारा-दक्षिण आमच्याकडे एक नंबरला होता मॅडम," तो म्हणाला. "डोळे मिटून घ्यायचो. आता सिस्टीमच नाव पुढे येऊ देत नाही."

"पण बंधाऱ्याचा प्रश्न संपला. आकडा पुन्हा खाली आलाय."

"आलाय ना. पण एकदा चढलेला मतदारसंघ पुन्हा चढू शकतो, असं सिस्टीम धरते."

आकडा खाली आला होता तो वेगळ्याच कारणाने. सगळे घरी होते, फोन करायला समुद्रावर कुणी उरलंच नव्हतं. अख्ख्या गावाची रोजी गेली हे भाईंना सभागृहात सांगायचं होतं. त्यांना पाळी मिळाली नाही.

मी गावी गेले. टेकडीवरच्या हायस्कुलात एकेका वर्गात दोन-तीन घरं राहत होती. आमच्या वाट्याला आठवीचा वर्ग आला होता. फळ्याखाली आईची खाट, खिडकीत वहिनीची भांडी. आई माझ्याशी बोलली नाही. प्रतीकने उठून माझी बॅग घेतली. तो बारीक झाला होता.

"तुझ्यार राग नाय ताई," तो हळूच म्हणाला. "तू सांगलंस नसतंस तर ही दोघा आज खय असती? पण माका एक कळत नाय. मी आता करू काय? माका दुसरा काय येता?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

जेवणं झाली. बाहेर ऊन होतं. वहिनी भांडी घासायला गेली. आई खाटेवर पाय घेऊन बसली आणि अचानक बोलायला लागली. माझ्याशी नाही, प्रतीकशी.

"तू पयल्या जहाजार गेलंस ना, तेव्हा माझा हाड मोडला होता. कमरेचा. दोन म्हयने आडवी होतंय."

प्रतीकने मान वर केली.

"तू तिसऱ्या बोटीर होतंस तेव्हा रोशनीचा पोर पोटातच गेला. तुका आमी सांगलंव, ती माहेराक गेलीहा. आणि तुझो बापूस गेलो तो झोपेत नाय गेलो. आठ दिवस तुझा नाव घेय होतो. मी तेका म्हटलंय, झील दर्यार आसा, हाक मारू नको."

ती थांबत नव्हती. कौलं उडाली ते वर्ष, दागिना गहाण पडला ते, डॉक्टर तिला काय म्हणाले होते ते. एकापाठोपाठ एक, आणि तिचा आवाज कापत होता. मी तो असा कधीच ऐकला नव्हता. शेजारच्या सातवीच्या वर्गातूनही बाईमाणसाचं असंच बोलणं येत होतं, त्याच्या पलीकडच्या वर्गातूनही. इंदूकाकीचा आवाज मी ओळखला. ती रडत नव्हती, सांगत होती.

प्रतीकचा चेहरा पांढराफटक पडला. तो खाटेपाशी जाऊन खाली बसला. "आये," तो म्हणाला, "बास कर. आता कित्याक सांगतंस ह्या सगळा?"

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता तू खय जातलंस?" ती म्हणाली. "आता सांगूक हरकत नाय."